नॅरोगेजचं इंजिन चौथऱ्यावर की रुळावर?

शकुंतलेची, म्हणजे वऱ्हाडातल्या त्या छोट्या गाडीची, नाहीतर माथेरानच्या गाडीची बातमी आली की दोनेक दिवस तोच वाद पेटतो. एका बाजूला 'इंग्रजांनी रेल्वे दिली, आपल्याला ती सांभाळता पण आली नाही' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'कापूस लुटून न्यायला आणलेली गाडी, गुलामीची खूण, भंगारात घाला' म्हणणारे. सोबत वाफेच्या इंजिनाचा एक जुना फोटो असतो, आणि त्या फोटोत इंजिनाच्या पायरीवर कोळशाने काळवंडलेला जो माणूस उभा असतो त्याच्याबद्दल दोन्हीकडून कोणी एक अक्षर बोलत नाही. मला हा सगळा वादच चुकीच्या टोकाकडून चाललेला वाटतो. गाडी कोणी दिली आणि कोणी लुटलं एवढ्यावरच आपण भांडत बसतो, पण ती चालवली कोणी आणि ती चालवायची विद्या आज कोणाच्या हातात उरलीय हे कोणी विचारत नाही. माझं मत सरळ आहे. नॅरोगेजची, म्हणजे दोन-अडीच फुटी अरुंद रुळांवरची, वाफेची इंजिनं जपायलाच हवीत, ती रंग लावून चौथऱ्यावर नाही, अधूनमधून का होईना रुळावर चालवून, आणि त्यांचा वसाहतकाळातला सगळा हिशेब बसणाऱ्या प्रवाशापुढे उघडा ठेवून.

आधी 'भंगारात घाला' म्हणणाऱ्यांचं ऐकू, कारण त्यांच्या म्हणण्यात दम आहे. हे रूळ लोकांच्या सोयीसाठी पडले नाहीत हे खरंच आहे. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला शकुंतलेची लाइन गेली ती कापसासाठी. काल्का-सिमला आधी दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत दोन फूट अंतराची, ठरली होती, मग लष्कराच्या आग्रहाने अडीच फुटांची झाली, म्हणजे रुळांमधलं अंतर पण फौजेच्या गरजेने ठरत होतं. आणि या देशात इंजिन बनवता येत नव्हतं असंही नाही, अजमेरच्या वर्कशॉपने १८९५ सालीच मीटरगेजचं इंजिन बांधून दाखवलं होतं, तरी स्वातंत्र्य मिळेपर्यंत बहुतेक इंजिनं विलायतेहून जहाजाने येत राहिली आणि त्याचा पैसा इथून जात राहिला. हे कळायला आपल्याला आजचा एखादा व्हिडिओ बघायची गरज नाही, गणेश व्यंकटेश जोशींनी १८८४ मधे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेच्या विस्ताराचा देशी उद्योगावर काय परिणाम होतो त्याची आकडेमोड मांडली होती. तेव्हा 'दिली' हा शब्द मला पटत नाही, जिचा खर्च आपल्याच खिशातून निघाला ती वस्तू कोणी कोणाला 'देत' नाही.

पण म्हणून ही इंजिनं फक्त इंग्रजांची गोष्ट होतात का? भारतातली पहिली नॅरोगेज लाइन कुठली, तर बडोदा संस्थानातली, डभोई ते मियागाम, १८६२ ची, खंडेराव गायकवाडांच्या काळातली. सुरुवातीला ती बैलांनी ओढली, नंतर इंजिनं आणली तर त्यांच्या वजनाला रूळ टिकेनात, शेवटी १८७३ मधे मजबूत रूळ टाकल्यावर वाफेचं इंजिन नियमित धावायला लागलं. ग्वाल्हेरची दोन फुटी लाइन शिंद्यांची. माथेरानची लाइन मुंबईच्या आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या खटपटीने १९०७ ला सुरू झाली आणि तिची चारही इंजिनं विलायती नव्हती, ती जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची होती. आणि स्वातंत्र्यानंतर? १९५४ साली आपणच जपानच्या निप्पॉन शार्यो कंपनीकडून अडीच फुटी गेजसाठी नवीकोरी वाफेची इंजिनं घेतली. ती कुठल्या व्हाइसरॉयने घेतली नव्हती, आपल्या सरकारने घेतली, कारण त्या गाड्यांवर आपली माणसं बाजाराला, कोर्टाला, शाळेला जात होती. एकाच जातीच्या रुळांवर संस्थानिक, व्यापारी, लंडनची कंपनी आणि स्वतंत्र भारताचं सरकार असे चार वेगळे मालक दिसतात, मग एका शब्दात निकाल कसा लावायचा?

शकुंतलेबद्दलचा तो 'अजूनही इंग्रजांना रॉयल्टी जाते' वाला फॉरवर्ड तर दरवर्षी नव्याने उगवतो. किलिक निक्सन ही मुंबईत धंदा करणारी मॅनेजिंग एजन्सी, तिच्याकडे शकुंतलेची लाइन असलेल्या कंपनीचा कारभार होता, आणि बाकीच्या रेल्वे ताब्यात घेताना ही लाइन करारावर तशीच ठेवली तो निर्णय आपल्याच सरकारचा. राग काढायचा तर योग्य दारात काढावा. या फॉरवर्डमधे वाईट एवढंच होतं की खरी गोष्ट झाकली जाते, आणि खरी गोष्ट ही की १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं एक इंजिन त्या लाइनवर १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तरेक वर्षं, चालत राहिलं. मँचेस्टरने ते एकदाच बनवलं. सत्तर वर्षं ते दुरुस्त कोणी केलं?

आता बार्शी लाइट रेल्वेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडची ही लाइन जगातल्या नॅरोगेजच्या इतिहासात मानाने घेतली जाते आणि आपल्यालाच त्याची फारशी खबर नाही. एव्हरार्ड कॅलथ्रोप नावाचा इंजिनियर जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला, त्याने बघितलं की बार्शीच्या बाजारपेठेत कापसाची एवढी उलाढाल आहे आणि मेन लाइनवरच्या बार्शी रोड स्टेशनपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, सगळा माल बैलगाड्यांनी येतो. त्याने १८९५ ला लंडनमधे कंपनी काढली आणि १८९७ ला जवळपास ३५ किलोमीटरची अडीच फुटी लाइन चालू केली. त्याची युक्ती साधी होती पण तोवर कोणी ती इतक्या काटेकोरपणे पाळली नव्हती, इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालाचा, कुठल्याच आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा पडला की हलके रूळ पुरतात, हलके रूळ म्हणजे कमी खर्च, आणि कमी खर्च म्हणजे जिथे ब्रॉडगेज कोणी स्वप्नात पण नेली नसती तिथे गाडी पोचते. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने जी इंजिनं बनवली त्यांचं वजन चार चालत्या आसांवर आणि मागच्या छोट्या चाकांवर वाटून टाकलं होतं. आधी लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून लोकांना हे दाखवलं, मग इथे आणलं, आणि इथे जमल्यावर त्याच धर्तीची इंजिनं १९०४ मधे इंग्लंडच्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनवर गेली. म्हणजे प्रयोग बार्शीला आणि धडा इंग्लंडला. पुढे लाइन पंढरपूर, लातूर करत १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली, आणि १९५४ मधे सरकारने ती विकत घेतली.

ही झाली कौतुकाची बाजू, आणि ती मी मनापासून सांगतोय कारण ती इंजिनियरिंग खरंच सुंदर आहे. पण 'दिली' म्हणणाऱ्यांनी याच लाइनवरून यात्रेकरू कसे गेले ते पण बघावं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची गर्दी, आणि यात्रेच्या दिवसांत मालडब्यांत माणसं भरणं हा त्या काळी देशभरच्या रेल्वेंचा शिरस्ता होता, तिसऱ्या वर्गाच्या हालांवर तर गांधीजींनी १९१७ मधे सविस्तर लिहिलं. पैसे त्याच गरीब यात्रेकरूकडून येत होते आणि त्यालाच बसायला बाक नव्हता. हा भाग माहितीफलकावरून गाळून नुसतं 'ऐतिहासिक वारसा' लिहायचं ही मला बनवाबनवी वाटते. तसंच उलट्या बाजूने, फक्त लूट लिहायची आणि ज्या वारकऱ्याला पहिल्यांदा लातुराहून पंढरी जवळ झाली त्याचा आनंद पुसायचा ही पण बनवाबनवीच.

मला सगळ्यात जड वाटणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो इतिहासाचा नाही, आजच्या गरजेचा आहे. 'तुम्हा शहरातल्या लोकांना वाफेची मजा हवी, आम्हाला ब्रॉडगेज हवी' असं यवतमाळचा, जामनेरचा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे काय बोलणार? यावर मी काहीच हातचं न राखता मान्य करतो. एप्रिल २०१६ आठवा, लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. म्हणजे एका वाघिणीत ५० हजार लिटर, ५० टन नुसतं पाणी. ती गाडी ज्या वाटेने गेली ती कॅलथ्रोपच्या बार्शी लाइनचीच वाट, फक्त गेज बदललेली. त्याच्या मूळ हिशेबात चार आसांच्या डब्याचा डब्यासकट सगळा भार २० टनांत बसवायचा होता. नॅरोगेज तशीच ठेवली असती तर लातूरला ते पाणी तसं पोचलंच नसतं. म्हणून गेज बदलायला विरोध करणारा वारसाप्रेमी मला पटत नाही. लोकांची लाइन लोकांच्या कामाची हवी, ती कुणाच्या आठवणींसाठी अडवून ठेवू नये.

पण लाइन बदलणं आणि इंजिन मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण दरवेळी दोन्ही एकाच सहीने उरकतो. लाइन गेली की शेड जातं, शेड गेलं की माणसं दुसरीकडे बदलून जातात किंवा रिटायर होतात, आणि त्यांच्यासोबत जे जातं ते कुठल्याच कागदावर नसतं. हे नेमकं काय असतं ते माथेरानच्या घाटातच बघा. तिथला चढ २० फुटांना १ फूट इतका कडक आहे आणि वळणं इतकी आवळ की साधं सहाचाकी इंजिन त्यावर बसलंच नसतं, म्हणून त्या जर्मन इंजिनांचे पुढचे-मागचे आस पोकळ केले होते, पोकळ आसाच्या पोटात दुसरा आस, म्हणजे चाकाला ताकद पण मिळते आणि ते वळणासोबत किंचित फिरतं पण. हा झाला कंपनीचा भाग. आता फायरमनचा, म्हणजे कोळसा टाकून वाफ सांभाळणाऱ्याचा, भाग. बॉयलरमधलं पाणी पातळी धरून राहतं, इंजिन मात्र कललेलं असतं, त्यामुळे तोंड चढाकडे असताना पाणी मागे फायरबॉक्सकडे, म्हणजे आगीच्या पेटीकडे, जमतं आणि तेच इंजिन सपाटीवर आलं किंवा उतरायला लागलं की पाणी पुढे सरकतं आणि फायरबॉक्सच्या वरचा पत्रा उघडा पडायची भीती. तो पत्रा उघडा पडला की त्यात इशाऱ्यासाठी बसवलेला शिशाचा प्लग वितळतो, वाफ थेट आगीत घुसते, आणि त्याकडे पण दुर्लक्ष झालं तर पुढचं न बोललेलं बरं. म्हणून बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या समोरच्या काचेच्या नळीत पाणी किती दिसतंय याला एकट्याला अर्थ नसतो, आपण घाटात कुठे आहोत आणि पुढचं वळण कसलं आहे ते धरून ती काच वाचावी लागते, बॉयलरमधे पाणी ढकलणारा इंजेक्टर आत्ता लावायचा की दोन वळणांनंतर हे ठरवावं लागतं, कारण आत्ता गार पाणी घातलं तर ऐन चढाला वाफ पडेल. हे कुठल्या मॅन्युअलमधे पूर्ण येत नाही, एका माणसाशेजारी दुसरा माणूस वर्षानुवर्षं उभा राहतो तेव्हा ते येतं.

दार्जिलिंगला हे अजून डोळ्याने बघता येतं. १८८९ पासून बनत आलेली ती बी क्लासची छोटी इंजिनं, त्यावर ड्रायव्हर आणि फायरमन तर असतातच, शिवाय इंजिनावरच बसून कोळसा फोडणारा एक माणूस, आणि चाक घसरू नये म्हणून अगदी पुढे बसून हाताने रुळावर वाळू टाकणारे दोघं. तिंधारियाच्या वर्कशॉपमधे ही इंजिनं शंभर वर्षांच्या वर दुरुस्त होत आलीत, तिथे काही इंजिनं बांधली पण गेली. १९९९ ला युनेस्कोने त्या लाइनला जागतिक वारसा म्हटलं. आपण असं धरून चालतो की मान इंजिनांना मिळाला, पण तिंधारियाची भट्टी विझली असती तर उरलेल्या इंजिनांचं काय झालं असतं?

काय झालं असतं ते आपल्याकडे बऱ्याच स्टेशनांबाहेर उभं आहे. चौथरा, भोवती साखळी, दर दोन-तीन वर्षांनी काळा आणि लाल रंग. जी दांडी तेलाने चकचकीत असायला हवी तिच्यावर चंदेरी पेंट फासलेला. पितळेचं जे काही होतं ते केव्हाच गायब. धुराड्यातून पावसाचं पाणी आत जातं, खाली जुनी राख तशीच असते, ओल्या राखेत गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते पत्रा आतून खात जातं, बाहेरून मात्र इंजिन नवंकोरं दिसतं. याला जपणं म्हणायचं? आणि यापुढची पायरी म्हणजे वाफेच्या इंजिनाचा मुखवटा. ऑक्टोबर २०२३ मधे एकतानगर-अहमदाबाद हेरिटेज ट्रेन सुरू झाली, बाहेरून वाफेचं इंजिन आणि आत विजेचं. त्याच वर्षी 'हायड्रोजन फॉर हेरिटेज'ची घोषणा झाली, हायड्रोजनवर चालणाऱ्या ३५ गाड्या, एका गाडीला अंदाजे ८० कोटी, आणि वारसा लाइनींच्या त्या यादीत माथेरान पण. हायड्रोजनवर प्रयोग जरूर करावेत, पण वारशाच्या नावाने ज्या गोष्टीचा त्या वारशाशी काही संबंध नाही तिच्यावर एवढा खर्च करता येतो आणि 'खऱ्या इंजिनाला पैसा नाही' असंही त्याच तोंडाने सांगितलं जातं, हे मला समजत नाही. लहान मुलगा ते खोटं धुराडं बघून काय शिकणार? वाफ चाकाला कशी फिरवते हा प्रश्नच त्याच्या मनात येणार नाही, कारण तिथे वाफच नाही.

धुराचा मुद्दा खरा आहे. माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथे मोटारी चालत नाहीत आणि तिथे रोज कोळसा जाळा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. उन्हाळ्यात ठिणगीने गवत पेटायची भीती पण खरीच. पण कोणी रोजच्या गाड्या वाफेवर करा म्हणतच नाहीये. पावसाळा संपल्यावर, झाडी ओली असताना, ठरावीक दिवशी, सपाटीच्या थोड्या अंतरात एक इंजिन. निलगिरीच्या लाइनवर तेलावर चालणारी वाफेची इंजिनं गोल्डन रॉक वर्कशॉपने या शतकात नव्याने बांधून दिलीत. माथेरानला पण २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत दार्जिलिंगचं एक इंजिन आणून तेलावर केलं होतं. म्हणजे तंत्र आहे, बांधणारे हात आहेत, उदाहरण आहे. 'अशक्य' हा शब्द इथे आळशीपणाने वापरला जातो.

आणखी एक आक्षेप डाव्या बाजूच्या मित्रांकडून येतो आणि तो मला आदराने घ्यावासा वाटतो. त्या फूटप्लेटवरची, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथली, मेहनत अमानुष होती, पुढून आग, मागून पाऊस, तिचं कौतुक का करायचं? बरोबर आहे. आणि ती मेहनत १९४७ ला संपली पण नाही. सलग ड्यूटीचे तास कमी करा म्हणून लोको रनिंग स्टाफने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कामगारांनी, १९७३ मधे संप केला तेव्हा समोर आपलंच सरकार होतं, आणि १० तासांची मर्यादा लढूनच पदरात पडली. पण याचाच अर्थ मी उलटा लावतो. इंजिन भंगारात गेलं की ही लढाई पण जाते. जो माणूस बंद खोलीत फलक वाचतो त्याला दहा तासांची मागणी म्हणजे एक आकडा वाटते, आणि जो पेटलेल्या फायरबॉक्सच्या दारापुढे पाच मिनिटं उभा राहतो त्याला ती मागणी समजावून सांगावी लागत नाही.

बाहेरच्या देशाचं उदाहरण द्यायचं तर मी वेल्सचं देणार नाही, तैवानचं देईन. वेल्समधे टॅलिलिन लाइन १९५१ पासून हौशी लोकांनी चालवली हे खरंच मोठं काम, पण ते त्यांच्या स्वतःच्या देशातलं, परक्याने टाकलेल्या रुळाचा सल त्यांना नाही. तैवानमधली अलिशानची लाइन जपानी राज्यकर्त्यांनी डोंगरातले शेकडो वर्षांचे वृक्ष तोडून न्यायला बांधली, १९१२ ला गाडी सुरू झाली, गेज तेच अडीच फुटी, इंजिनं अमेरिकन बनावटीची, 'शे' नावाच्या जातीची. लुटीची लाइन म्हणायची तर याहून उघड उदाहरण कुठलं? तरी तैवानने त्यातली काही इंजिनं परत चालती केली, लोक त्यावर बसतात, आणि जंगल कोणी तोडलं हे पण तिथे लपवलेलं नाही. वसाहतीची वस्तू वापरली म्हणून तिथले लोक जपान्यांचे गुलाम झाले का? उलट यंत्र त्यांच्या हातात आहे आणि गोष्ट पण त्यांच्याच तोंडून सांगितली जाते.

आपल्याकडे हे करायचं तर कुर्डुवाडीपासून सुरुवात करता येईल. बार्शी लाइटच्या काळापासूनचं वर्कशॉप तिथे आजही चालू आहे, आसपासच्या गावांत लोकोमधून रिटायर झालेले लोक आहेत. ब्रॉडगेजला हात न लावता स्टेशनाजवळ एक-दोन किलोमीटर अडीच फुटी रूळ, एक बॉयलर नव्याने तपासून पास केलेलं इंजिन, आणि शेजारच्या आयटीआयची पोरं त्या म्हाताऱ्या फायरमनच्या हाताखाली. जो १९८५ ला विशीत कोळसा टाकायला लागला तो आज साठीत आहे. बॉयलरचा पत्रा पन्नास वर्षांनी पण नवा बनवता येईल, त्यामुळे इंजिन एकवेळ थांबू शकतं, हा माणूस थांबू शकत नाही. म्हणून निधी, जागा, समिती यावर वाद घालायचा तो घाला, पण त्याच्या घरी जाऊन काच कशी वाचायची ते रेकॉर्ड करून घ्यायला कुठल्याच मंजुरीची गरज नाही, ते या महिन्यात पण सुरू करता येतं.